आपली जमीन आली कुठून?



शिरूर कासारच्या शिवारात नवी विहीर धरली की पहिले काही दिवस काम झपाट्याने होते. वर काळी माती, तिच्याखाली चुनखडीचे खडे मिसळलेला मुरूम. दोन्ही कुदळी-फावड्याने निघतात. मग खडक लागतो. यारी बसते, सुरुंग उडतात आणि खर्चाचा आकडा वाढू लागतो. हा खडकही सरसकट एका जातीचा नसतो. आधी भोकाभोकांचा, पांढऱ्या-हिरवट ठिपक्यांचा खडक येतो. विहीर खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. त्याच्याखाली काळा, अखंड, पहारीतून ठिणग्या काढणारा पाषाण. कधी कधी त्याच्याही खाली हातभर जाडीचा विटकरी लाल मातीचा पट्टा दिसतो, जणू विहिरीला आतून कोणी गेरूचा हात दिला आहे. आणि लाल पट्ट्याखाली पुन्हा मांजऱ्या, पुन्हा काळा पाषाण.

हे थर कोणी रचले? इतक्या कठीण खडकाच्या पोटात मऊ लाल माती गेली कशी? प्रश्न शाळेच्या पुस्तकातला वाटेल, पण आपण विहिरीत घालतो तो पैसा आणि ज्या घरात रात्री लेकरे निजवतो त्या भिंती, या दोन्हींचा त्याच्याशी संबंध आहे. म्हणून थोडे मागे जाऊ. थोडे म्हणजे सहा कोटी साठ लाख वर्षे. एक पिढी पंचवीस वर्षांची धरली तर सव्वीस लाख पिढ्या होतात.

गुळाची ढेप आणि काहील

पृथ्वीच्या पृष्ठभागापासून मध्यापर्यंतचे अंतर सुमारे ६,३७० किलोमीटर आहे. त्यातले वरचे शंभरेक किलोमीटर म्हणजे कठीण कवच. हे कवच सलग नाही. जुन्या माठाला तडे जावेत तशी त्याची मोठमोठी शकले झालेली आहेत. काही शकले अख्ख्या खंडाएवढी आहेत. भूगोलात त्यांना भूपट्ट म्हणतात. आपला भारत अशाच एका भूपट्टावर बसलेला आहे.

कवचाच्या खाली काय आहे? पुष्कळांना वाटते, खाली सगळा रसच आहे. तसे नाही. खालचा खडकही घनच आहे, पण अतिशय तापलेला. घरात गुळाची ढेप असते. बत्ता घातला तर ती फुटते, म्हणजे ती घन आहे. पण तीच ढेप उन्हाळाभर पत्र्याखाली ठेवली तर हळूहळू बसते आणि पसरते. खालचा तापलेला खडक असाच कोट्यवधी वर्षांच्या हिशेबाने वाहतो. ज्यांनी गुऱ्हाळ पाहिले आहे त्यांना पुढचे सहज समजेल. काहिलीत मध्यभागी रस उकळून वर येतो, कडेला सरकतो, थंडावतो आणि खाली जातो. त्याच्याबरोबर वरची मळी इकडून तिकडे ढकलली जाते. भूपट्टांचे काहीसे तसेच आहे. शिवाय थंड होऊन जड झालेली त्यांची कड कुठे कुठे खाली बुडते आणि मागच्या सगळ्या तबकाला आपल्यामागे ओढते.

खंडे सरकतात ही गोष्ट १९१२ साली आल्फ्रेड वेगेनर नावाच्या जर्मन हवामानतज्ज्ञाने मांडली, तेव्हा जाणत्यांनी त्याची टर उडवली. एवढी मोठी खंडे ढकलणार कोण, हा त्यांचा सवाल होता आणि वेगेनरजवळ त्याचे नीट उत्तर नव्हते. १९३० साली ग्रीनलंडच्या बर्फात त्याचा अंत झाला. पुढे १९६० नंतर समुद्राच्या तळाची मोजणी झाली, तिथे नवा खडक तयार होऊन दोन्ही बाजूंना सरकताना आढळला आणि वेगेनरचे मूळ म्हणणे खरे ठरले.

सातबाऱ्यात नसलेला प्रवास

फार पूर्वी भारत इथे नव्हता. आफ्रिका, मादागास्कर, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका यांच्यासह तो दक्षिणेकडच्या एका महाखंडाचा भाग होता. त्या महाखंडाला जगभर गोंडवन म्हणतात. हे नाव आपल्या मध्य भारतातल्या गोंडांच्या मुलखावरून पडलेले आहे. पुढे ते महाखंड फुटले. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी भारताने मादागास्करचीही साथ सोडली आणि तो उत्तरेकडे निघाला. भूपट्टांच्या मानाने त्याची चाल भलतीच वेगवान होती. एका काळात तर वर्षाला पंधरा सेंटिमीटरहून अधिक.

वाटेत हा भूपट्ट एका विलक्षण जागेवरून गेला. हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेला रियुनियन नावाचे बेट आहे. शिरूरपासून सरळ रेषेत ते सुमारे पाच हजार किलोमीटर भरते. तिथला ज्वालामुखी आजही अधूनमधून लाव्हा ओकतो, कारण त्या बेटाखाली फार खोलवरून तापलेला खडक वर येत असतो. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी या चुलीच्या वर आपली जमीन होती. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा बाहेर आला. डोंगराच्या टोकातून कारंज्यासारखा उडाला असे नव्हे. धरणाचा कालवा फुटून पाणी शिवारभर पसरावे तसा तो पसरला, थिजला. काही काळाने त्यावर पुन्हा दुसरा लोट आला. असे किती तरी लोट आले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर मुलूख या खडकाखाली आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्यात येतो. याच खडकाचे पाटे-वरवंटे झाले, जाती झाली, वेरूळ-अजिंठ्याची लेणी झाली. १९७२ च्या दुष्काळात आपल्या वडीलधाऱ्यांनी कामावर बसून फोडली ती खडीही त्याचीच.

आता विहिरीतले कोडे सुटते. लाव्हाचा लोट थिजताना त्यातला वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर येतो, म्हणून प्रत्येक लोटाचा माथा भोकाभोकांचा होतो. पुढे त्या भोकांत पांढरे-हिरवे खनिज साचले की झाला मांजऱ्या. लोटाचा मधला भाग सावकाश थंड होतो, म्हणून तो काळा आणि घट्ट. आणि लाल पट्टा? दोन लोटांच्या मध्ये पुष्कळ काळ गेला, तेव्हा खालच्या लोटाच्या माथ्यावर ऊन-पावसाने माती तयार झाली. मग वरून पुढचा लोट आला आणि ती माती त्याच्याखाली भाजून निघाली. विहिरीत दिसणारा लाल पट्टा म्हणजे एके काळची उघडी जमीन आहे.

रियुनियनची चूल मात्र विझली नाही. भारत पुढे सरकत गेला, तशी तिने त्याच्यामागे समुद्रात बेटांची रांग उठवली: लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस आणि शेवटी स्वतः रियुनियन. मॉरिशसमध्ये इंग्रज अमदानीत महाराष्ट्रातून गेलेली मराठी कुटुंबे आहेत. त्यांच्या नातवंडा-पणतवंडांच्या घरी आजही गणपती बसतो. त्यांच्या पायाखालचा काळा दगड आणि आपल्या विहिरीतला काळा दगड हे एकाच चुलीवरचे आहेत, फक्त त्यांचा कोट्यवधी वर्षांनी ताजा!

उतार पूर्वेला, पाऊस पश्चिमेला

लाव्हा ओसरला त्या सुमारास भारताच्या पश्चिम कडेचा तुकडा तुटून गेला. सेशेल्स बेटे म्हणजे त्याचाच अवशेष. मध्ये समुद्र आला. तुटलेली कड उंच राहिली, झिजत मागे हटली आणि तिचा सह्याद्री झाला. पठार पूर्वेकडे कलते राहिले. म्हणून त्र्यंबकेश्वरी अरबी समुद्र एवढा जवळ असताना गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवते आणि सुमारे १,४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. बालाघाटाच्या डोंगरात उगम पावणारी आपली सिंदफणाही तीच वाट धरते आणि माजलगावच्या पुढे गोदावरीत जाते.

सह्याद्रीचा हा कडा आपल्याला फार महागात पडला आहे. नैऋत्येचे ढग त्याला अडून तिकडेच रिते होतात. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि बीड जिल्ह्याच्या वाट्याला सरासरी सहा-साडेसहाशे मिलिमीटर येतो, तोही ज्या वर्षी त्याला वाटेल त्या वर्षी. दुष्काळाला दैव म्हणा, सरकारचे चुकले म्हणा, दोन्हींत तथ्य असेल. पण आपण पर्जन्यछायेत आहोत हे काम कित्येक कोटी वर्षांपूर्वी झालेले आहे.

ऊन-पावसाने तेव्हापासून लाव्हाचे थर झिजवले. घट्ट थर टिकले, मऊ थर आधी गेले, म्हणून बालाघाटाचे डोंगर वरून सपाट आणि कडेने पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात. गहिनीनाथगड, भगवानगड, नारायणगड या सगळ्या गडांच्या वाटा याच पायऱ्यांवरून चढतात. झिजलेल्या खडकाची माती पाण्याबरोबर खाली आली. म्हणून डोंगरकड्याला मुरमाड हलकी जमीन आणि सिंदफणेच्या काठी भारी काळी. काळी जमीन पाणी धरते, उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, हे सारे गुण त्या लाव्हातल्या खनिजांतून झालेल्या चिकणमातीचे आहेत.

पाणी कुठे असते आणि कुठे नसते

एवढे समजल्यावर पाण्याचा हिशेब मांडता येतो. काळ्या अखंड पाषाणात पाणी राहायला जागाच नसते. पाणी असते ते वरच्या मुरमात, झिजलेल्या मांजऱ्यात, दोन लोटांच्या सांध्यात आणि खडकाच्या भेगांत. या जागा बहुतेक वरच्या थरांत असतात. जितके खोल जावे तितका वरचा भार वाढतो आणि भेगा मिटत जातात. 'आणखी शंभर फूट मारा, खाली नदी आहे,' असे सांगणारा भेटला तर त्याला नम्रपणे नमस्कार करावा. लाव्हाच्या थरांखाली नद्या वाहत नाहीत. खोल बोअरला कधी पाणी लागते, नाही असे नाही, पण पुष्कळदा ते वरच्या थरांतलेच झिरपून खाली उतरलेले असते. म्हणजे आपल्या बोअरने आपलीच किंवा भावकीची विहीर आटवायची आणि वर कर्ज फेडत बसायचे. लाल पट्टाही फसवतो. बोअरच्या चुऱ्यात लालसर गाळ आला की लोक खूश होतात. पण ती भाजलेली चिकणमाती असते. ती पाणी देत नाही, उलट ढासळून बोअर बुजवते.

महाराष्ट्राचा २००९ चा भूजल कायदा साठ मीटरहून, म्हणजे सुमारे दोनशे फुटांहून, खोल विहिरींना आवर घालू पाहतो, त्यामागे हेच कारण आहे. कायदा पाळला किती जातो हे आपण सारे जाणतो. परंतु थर पाहून जागा निवडणे, आणि नाल्यावरचा बांध जिथे मांजऱ्या उघडा पडला आहे तिथे घालणे, यासाठी कायदा लागत नाही. अखंड काळ्या पाषाणावर घातलेला बांध पाणी दाखवतो, जिरवत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे कार्यालय जिल्ह्याला असते. पैसे घालण्याआधी तिथे विचारणा करावी.

टक्कर अजून चालू आहे

लाव्हाच्या मुलखातून पुढे निघालेला भारत सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आशियावर जाऊन आदळला. मधल्या समुद्राचा तळ चुरगळून वर उचलला गेला, तोच हिमालय. खूण हवी असेल तर देवघरात पाहा. कोणाकडे शाळिग्राम असेल. गंडकी नदीत मिळणाऱ्या शाळिग्रामातले चक्र म्हणजे समुद्रात राहणाऱ्या, आता नामशेष झालेल्या एका शंखधारी प्राण्याचा दगड झालेला ठसा आहे. समुद्रातला जीव हिमालयातल्या नदीत सापडतो तो या टकरीमुळे. हे सांगितल्याने त्याची पूजा करणाऱ्याच्या श्रद्धेला काही बाधा येऊ नये.

ही धडक संपलेली नाही. आपली जमीन आजही वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकते. १९७२ च्या कामावर ज्या जागी बसून खडी फोडली, ती जागा तेव्हापासून अडीच मीटरहून जास्त पुढे गेली. बांधही गेला, शेजाऱ्याचा बांधही गेला, तेव्हा मोजणीचा अर्ज करायचे कारण नाही.

पण पुढे हिमालयाने अडवलेले आणि मागून रेटा असलेले हे तबक सगळीकडून दाबले जाते. भरल्या पोत्यांची थप्पी दोन्ही बाजूंनी रेटली तर एखादे पोते मधूनच उसवते. तसा हा ताण भारताच्या पोटातल्या जुन्या, कच्च्या भेगांवर येतो. दख्खनचे पठार अचल आहे, इथे भूकंप होत नाही, असे पूर्वी अभ्यासकही समजत असत.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला मोठा भूकंप झाला आणि पावणेदोनशेच्या वर माणसे गेली. आपल्या भागातून ऊसतोडीला कराडकडे जाणाऱ्यांनी कोयनेचे धक्के अनुभवलेले असतील. तिथे ताणलेल्या भेगांना धरणाच्या पाण्याने निमित्त दिले, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. धरणात पाणी चढते-उतरते तसे लहान धक्के तिथे आजही बसतात.

मग ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बुडवून उशिरा घरी आलेली माणसे गाढ झोपेत होती. पहाटे चारला काही मिनिटे कमी असताना किल्लारी हादरली. शिरूरपासून किल्लारी सरळ रेषेत पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यातली गावेच्या गावे बसली आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, तिथे लहान धक्के बसून गेले होते. पुढे शास्त्रज्ञांनी किल्लारीला खोल छिद्र घेतले. तिथे लाव्हाचा सगळा थर ३३८ मीटरच भरला. खाली त्याहून फार जुना खडक होता. ताण साचला तो त्या जुन्या खडकात.

एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. ६.२ च्या आसपासचा भूकंप जगाच्या हिशेबात राक्षसी नव्हे. तेवढ्या धक्क्यात अन्य देशांत पाच-पन्नास माणसे जातात, कधी एकही जात नाही. किल्लारीत माणसे मारली ती भिंतींनी आणि माळवदांनी. दोन-अडीच फूट रुंदीची भिंत, बाहेरून दगडाचा एक पदर, आतून दुसरा, मध्ये मातीची आणि दगडगोट्यांची भर, आणि दोन्ही पदरांना बांधणारा आरपार दगड नाही. धक्का बसताच पदर फुगले आणि सुटले, आणि डोक्यावरचे टनावारी मातीचे माळवद झोपलेल्यांवर आले. त्याच गावांत ज्यांची साधी कुडाची, छपराची घरे होती ते पुष्कळसे वाचले. ऊसतोडीच्या पाचटाच्या कोपीला आपण हिणवतो, पण तिच्याखाली भूकंपात माणूस मरत नाही.

२१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली भागात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला आणि नांदेड-परभणीपर्यंत जाणवला. पुढचा कधी आणि कुठे, हे जगातला कोणीही सांगू शकत नाही. तारीख सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. बीड जिल्ह्यातही अशी जुनी माळवदे आणि मातीत बांधलेल्या दगडी भिंती अजून पुष्कळ आहेत. नवे घर बांधणाऱ्याने दारे-खिडक्यांच्या वर आणि छताखाली चारही भिंतींवरून सलग फिरणारा सळईचा काँक्रीट पट्टा घालावा, मध्ये कुठेही न तोडता. गवंडी म्हणेल, काय गरज आहे, आमच्या बापजाद्यांनी कुठे घातला? त्याला किल्लारी दाखवावी. दगडी भिंत मातीत किंवा सिमेंटात रचायची असेल तर उंचीत दर दोन फुटांवर आणि लांबीत दर चार फुटांच्या आत एक आरपार दगड टाकावा. खर्च फारसा वाढत नाही, गवंड्याचा आळस तेवढा मोडावा लागतो.

आणि ज्यांना जुन्याच घरात राहायचे आहे त्यांच्यासाठी एक काम. पाऊसकाळाआधी माळवद गळू नये म्हणून आपण दरवर्षी वर पांढऱ्या मातीचा नवा थर देतो. जुना काढत नाही. वीस-तीस वर्षांत तो थर हातभर होतो आणि त्याचे ओझे वाशांना पेलवेनासे होते. या वैशाखात नवी माती चढवण्याआधी जुनी खरवडून खाली टाका. वासे वाकलेले, किडलेले दिसले तर खालून खांब द्या. उरलेला थर वीतभरापेक्षा जाड ठेवू नका, आणि जमेल तेव्हा माळवद उतरवून पत्रे घाला. उन्हाळ्यात पत्रा तापतो ही तक्रार खरी आहे. त्यावर तुरकाट्या किंवा पाचट अंथरले की निभते.